मुक्त मार्गाखालचा रस्ता

फ्रीवेनं कोंडी फोडली. आधी हे कबूल करू या, मग भांडू.

जून २०१३ मध्ये मुंबईचा पूर्व मुक्त मार्ग, म्हणजेच हा फ्रीवे, सुरू झाला. त्याच पावसाळ्यात एकदा मी चेंबूरहून फोर्टला टॅक्सीनं निघालो. चालक जुन्नरकडचे, साठीला टेकलेले. सायन, दादर, परळ, लालबाग, भायखळा ही सिग्नलची माळ त्यांनी जन्मभर ओढलेली. पांजरपोळ मागं टाकून गाडी अणुशक्तिनगरच्या टेकडीखालच्या बोगद्यात शिरली, बाहेर पडली, वडाळ्याच्या अंगाला लागली, आणि थांबलीच नाही. काकांचा डावा हात सवयीनं दर दोन मिनिटांनी गिअरवर यायचा, करायला काही नाही म्हणून परत स्टिअरिंगवर जायचा. पी. डिमेलो रोडवर ऑरेंज गेटपाशी खाली उतरलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आज डावा पाय दुखला नाय."

ज्यानं मुंबईत आयुष्यभर क्लच दाबला, त्याच्या गुडघ्याची ही साक्ष आहे. फ्रीवे फुकट गेला असं म्हणणाऱ्यानं ती आधी खोडून दाखवावी.

माझं भांडण फ्रीवेशी नाहीच. त्यानं वाचवलेल्या मिनिटांचं आपण पुढं काय केलं, त्याच्याशी आहे.

*

एक रस्ता शहराची कोंडी कशी फोडतो? जादू काही नाही, साधा हिशोब आहे.

सिग्नलच्या चौकात हिरवा दिवा तुमच्या वाट्याला तासातली वीस-पंचवीस मिनिटं येतो. उरलेला वेळ रस्ता असून नसल्यासारखा. चार लेनचा रस्ता चौकात येऊन दीडेक लेनचा होतो. फ्रीवेवर चौकच नाही. १६.८ किलोमीटर, त्यातले नऊ किलोमीटरच्या वर खांबांवर, अर्धा किलोमीटर डोंगराच्या पोटातून. जेवढ्या लेन बांधल्या तेवढ्या सगळ्या पूर्णवेळ चालतात.

दुसरी गोष्ट, लांबचा आणि जवळचा प्रवासी वेगळा झाला. पुण्याहून किंवा नवी मुंबईतून फोर्टला जाणाऱ्या माणसाला लालबागच्या चिवडा गल्लीशी काही काम नसतं. तरी त्याची गाडी तिथल्या हातगाडीच्या, शाळेच्या बसच्या, भाजीच्या टेम्पोच्या वाटेत उभी राहायची. ती वाटेतून उठली. म्हणजे फायदा फ्रीवेवर चढलेल्याचा झालाच, आणि लालबागमधून जाणाऱ्या आंबेडकर रोडवर मागं राहिलेल्याचाही झाला.

तिसरी गोष्ट मुंबईकराला वेगळी सांगायला नको. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की रस्ते अचानक ऐसपैस वाटतात. गणपतीत चाकरमानी कोकणात गेला की दादरचं ट्रॅफिक कुठं गायब झालं, असा प्रश्न पडतो. सगळं शहर काही गावी गेलेलं नसतं. थोड्याच गाड्या कमी होतात. पण रस्ता काठोकाठ भरलेला असतो तेव्हा शेवटच्या थोड्या गाड्याच सगळ्यांना खोळंबून ठेवतात. तेवढ्या काढल्या की सगळंच वाहायला लागतं. फ्रीवेनं नेमक्या त्या काढल्या.

आणि पाऊस! हिंदमाताला गुडघाभर, गांधी मार्केटला कमरेभर पाणी भरलं की दक्षिण मुंबईची पूर्वेकडची नाडी तुटायची. आता खांबांवरचा रस्ता कोरडा असतो. चेंबूरचा पेशंट घेऊन सेंट जॉर्जेसला निघालेल्या अँब्युलन्सला पावसातही एक वाट असते. ही चैन नव्हे. मुंबईसारख्या शहराला अशी वाट असायलाच हवी.

हे सगळं व्हायला किती वर्षं लागली? विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीला मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करायला १९६२ मध्ये नेमलं. अहवाल १९६३ च्या डिसेंबरमध्ये आला. पूर्वेकडच्या मुक्त मार्गाची कल्पना त्यात होती. पहिली गाडी धावली २०१३ मध्ये. पांजरपोळपासून घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडपर्यंतचा अडीच किलोमीटरचा तुकडा आणखी वर्षभरानं, जून २०१४ मध्ये आला. पन्नास वर्षांनी मिळालेली गोष्ट माणूस जपून वापरतो. आपण जपली नाही.

*

आता खाली उतरू या.

परवा संध्याकाळी गोवंडी स्टेशनाबाहेर मी बसमध्ये चढलो. शेजारी एक ताई बसल्या होत्या. दारूखान्यातल्या लोखंडाच्या गोदामात साफसफाईचं काम. रोज सकाळी गोवंडीहून रे रोड, संध्याकाळी रे रोडहून गोवंडी, हार्बरच्या लेडीज डब्यात. स्टेशनातून पुढं शिवाजीनगरपर्यंत बस. मांडीवर डबा, हातात फोन, आणि फोनवर नजर फक्त वेळ बघायला.

लिंक रोडच्या नाक्याजवळ बस थांबली ती थांबलीच. फ्रीवेवरून उतरलेल्या मोटारींची रांग आमच्या पुढ्यात आडवी. एकेका मोटारीत एकेक माणूस, काचा वर, एसी चालू. बसमध्ये आम्ही साठ-सत्तर जण, निम्मे दांड्याला लोंबकळलेले. मी मोटारी मोजायला लागलो आणि थोड्या वेळानं सोडून दिलं, कारण आमच्या एका बसएवढी माणसं होईपर्यंत रांग नजरेच्या पार गेली होती.

"किती वेळ लागतो रोज?" मी विचारलं.

"वेळ कुणाला म्हायती? सातला पाणी जातं आमचं. त्याच्या आत पोचायचं."

दोन मिनिटांनी त्या उठल्या, कंडक्टरला म्हणाल्या, "दादा, दार उघडा, चालत जाते." दार उघडलं. त्यांच्यामागं आणखी पाच-सहा बायका उतरल्या. फ्रीवेच्या उतारावरच्या गाड्यांमधून वाट काढत, डबा पोटाशी धरून, त्या पलीकडं गेल्या. बस होती तिथंच होती.

वर टॅक्सीवाल्या काकांचा पाय वाचला. खाली या ताईंचा पाय कामाला लागला. दोन्ही एकाच फ्रीवेची कमाई आहे. पहिली आपण उद्घाटनाच्या दिवशी सांगतो, दुसरी कधीच सांगत नाही.

आणि दुचाकीवाले? फ्रीवेवर त्यांना बंदी आहे, तीनचाकींना बंदी आहे. सुरक्षिततेसाठी असेल तर माझी तक्रार नाही. उंचावरच्या त्या वेगात स्कूटर चालवणं जिवावरचं आहे. पण मग इलेक्ट्रिशियन, कुरिअरवाला, जेवण पोचवणारा पोरगा, सगळे खालून जाणार हे ठरलंच. ज्यांना वर जायची मुभाच नाही, त्यांच्यासाठी खालचा रस्ता नीट ठेवणं हे फ्रीवे बांधणाऱ्याचं काम आहे. खड्डे, गटारांची उघडी झाकणं, फुटपाथ नसलेले कोपरे, खांबांना टेकवून कायमच्या लावून ठेवलेल्या गाड्या: हे सगळं ज्या रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर शहरातली बहुसंख्य माणसं आहेत.

*

फुटलेली कोंडी संपत नाही, सरकते. हे मुंबईनं पुन्हा पुन्हा पाहिलं.

१९६२ मध्ये मुंबईच्या वाहतुकीसाठी सल्लागार नेमला गेला, आणि त्याच वर्षी अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं मोठ्या शहरांतल्या मुक्त मार्गांबद्दल एक नियम मांडला. गर्दीच्या वेळी तिथली कोंडी रस्त्याच्या क्षमतेइतकी वाढतेच, असा त्याचा मथितार्थ. कारण सोपं आहे. रस्ता मोकळा झाला की सातला निघणारा नवाला निघतो. दुसऱ्या रस्त्यानं जाणारा या रस्त्यावर येतो. आणि काल लोकलनं जाणारा आज गाडी काढतो. तिघांचाही दोष नाही. मोकळी जागा दिसली की आपण पाय पसरतोच.

त्यातच बिल्डर येतो. फ्रीवेपासून पाच मिनिटं, दक्षिण मुंबई वीस मिनिटं, अशी पाटी लागते. घरं विकली जातात. घराबरोबर दोन पार्किंग. म्हणजे रस्त्यानं वाचवलेली मिनिटं फ्लॅटच्या भावात मिसळून आधीच विकून झाली. मुंबईत नोंदलेल्या वाहनांची संख्या २०१३ नंतर दुपटीच्या घरात गेली. रस्ते दुप्पट झाले नाहीत. होणारही नाहीत, कारण जमीनच नाही.

इथं मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला चिंचोळी होत गेलेली पट्टी, तिन्ही बाजूंनी समुद्र. फ्रीवे ज्या टोकाला उतरतो तिथं पुढचे रस्ते ब्रिटिशांच्या काळात आखलेले. नळाची पाइपलाइन कितीही मोठी करा, तोटी तीच राहिली तर बादली त्याच वेगानं भरणार. ऑरेंज गेटला उतरणाऱ्या गाड्या सकाळ-संध्याकाळ कुठं साचतात हे पी. डिमेलो रोडवर उभं राहून कुणालाही दिसतं.

मग त्यावर उपाय काय निघाला? पुढचा रस्ता. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीला येऊन फ्रीवेला जोडला गेला, म्हणजे फ्रीवेच्या ताटात आणखी वाढलं. आता ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत नऊ किलोमीटरचा नवा मार्ग होतो आहे, त्यातला बराचसा भुयारातून. आणि मरीन ड्राइव्हवर काय? तिथं पश्चिमेकडून सागरी किनारा मार्गाच्या मोटारी २०२४ पासून येतच आहेत. दोन्हीकडचे लोंढे एकाच कठड्याशी आणून सोडायचे आणि मग म्हणायचं, इथं कोंडी झाली, आता इथं काहीतरी बांधा.

दुसऱ्या टोकालाही तेच. छेडानगरपासून ठाण्यापर्यंत तेरा किलोमीटरचा उन्नत मार्ग होतो आहे. त्याच्या वाटेत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेची बसंतरानीची झाडं आली. दर वसंतात गुलाबी होणारी ही झाडं बघायला लोक गाड्या थांबवतात. ती वाचवण्यासाठी माणसांना आवाज चढवावा लागला. आराखडा करतानाच ती मोजायची असतात, हे अजून आपल्या अंगवळणी पडलेलं नाही.

पुण्यानं तर याहून महाग धडा घेतला. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल कोंडी फोडायला बांधला आणि पंधरा वर्षंही व्हायच्या आत, २०२० मध्ये, मेट्रोच्या आड येतो म्हणून पाडला. पूल बांधताना त्याच जागेतून उद्या मोटारींऐवजी मेट्रोनं माणसं न्यावी लागतील, एवढा विचार केला असता तर सिमेंट, पैसा आणि पुणेकरांची वर्षं वाचली असती.

*

आता साधं गणित. पाटी-पेन्सिल घेऊनच बसा.

मुक्त मार्गाच्या एका लेनमधून, सगळं सुरळीत चाललं तर, तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरा. झाले तीन हजार. एक तास, एक लेन, तीन हजार माणसं.

हार्बरची बारा डब्यांची एक लोकल संध्याकाळी याहून जास्त माणसं घेऊन सुटते. एक लोकल! आणि तिच्यामागं काही मिनिटांत दुसरी येते.

हार्बरचं नाव मी उगाच घेतलेलं नाही. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा, पुढं चेंबूर, गोवंडी, मानखुर्द. फ्रीवेची वाट आणि हार्बरची वाट जवळजवळ एकच आहे. एकाच पट्ट्यात वर मोटारी, शेजारी लोकल. आता तारखा बघा. मोटारींसाठी फ्रीवे २०१३ मध्ये तयार झाला. हार्बरच्या लोकलला नवाचे बारा डबे मिळायला २०१६ उजाडलं. तीन डबे वाढवायला फलाट लांबवावे लागतात, यार्डात जागा करावी लागते, मान्य. पण डोंगर फोडून बोगदा काढणं त्याहून सोपं होतं काय? मोटारीतल्या माणसाच्या आधी लोकलच्या दारात लटकणारा माणूस आठवायला हवा होता.

बसचंही तेच. २०१० च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांच्या वर गाड्या होत्या. २०२५ पर्यंत त्या तीन हजारांच्या खाली आल्या. मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचाचं दहा झालं. म्हणजे ज्या पंधरा वर्षांत शहरानं फ्रीवे, अटल सेतू, किनारा मार्ग उभे केले, त्याच पंधरा वर्षांत शहराची बस आटली आणि महाग झाली. बसची वाट बघून कंटाळलेल्या माणसानं हप्त्यावर स्कूटर घेतली, स्कूटरवाल्यानं मोटार घेतली. मग आपण विचारतो, रस्त्यावर एवढ्या गाड्या आल्या कुठून? थांब्यावरून आल्या.

*

मग करायचं काय? फ्रीवे पाडायचा? मुळीच नाही. नवे बांधायचे नाहीत? तसंही मी म्हणत नाही. लांबच्या वाहतुकीला वेगळी वाट हवीच. माझी मागणी एवढीच आहे की, फ्रीवे सुरू होतो तो दिवस वाया घालवू नका.

कारण त्या दिवशी एक दुर्मीळ गोष्ट घडते. खालचा रस्ता रिकामा होतो. आंबेडकर रोडवरून, द्रुतगती महामार्गावरून, लिंक रोडवरून गाड्या वर गेलेल्या असतात. खाली जागा मोकळी असते. ही जागा फार दिवस मोकळी राहत नाही. वर्षा-दोन वर्षांत नव्या गाड्या ती भरून काढतात. भरायच्या आत ती बसला द्यायची. एक लेन रंगवायची, कठडा घालायचा, तिथं फक्त बस आणि अँब्युलन्स. मोटारवाला त्या दिवशी कुरकुरणार नाही, कारण त्याला वर नवा रस्ता मिळालेला असतो. दोन वर्षांनी तीच लेन मागायला जा, दंगा होईल. २०१३ मध्ये ती वेळ आपल्या हातात होती. आपण ती जाऊ दिली आणि आता त्या जागेत गाड्या उभ्या आहेत.

दक्षिण कोरियातल्या सोल शहराकडे बघा. मुंबईसारखंच दाटीवाटीचं. तिथं चंगेचन ओढ्यावर बांधलेला उन्नत मार्ग २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा झाला. त्या फोटोंची चर्चा जगभर होते. पण खरं काम मधल्या वर्षात झालं. जुलै २००४ मध्ये त्यांनी शहराची बससेवा मुळापासून बदलली: मार्ग नव्यानं आखले, मोठ्या रस्त्यांच्या मधोमध बसच्या लेन दिल्या, बस आणि भुयारी रेल्वेचं तिकीट एकमेकांना जोडलं. रस्ता काढून घेतला तरी शहर ठप्प झालं नाही, कारण माणसाला जायला दुसरी चांगली वाट दिलेली होती. त्यांनी रस्ता कमी करताना बसचा विचार केला. आपल्याला तर रस्ता वाढवताना करायचा आहे. केवढं सोपं!

ठाण्यापर्यंतचा मार्ग अजून व्हायचा आहे. ऑरेंज गेटचं भुयार अजून व्हायचं आहे. म्हणजे वेळ गेलेली नाही. या दोन्ही कामांच्या आराखड्यात आजच तीन गोष्टी लिहून घ्या. खालच्या रस्त्याची एक लेन पहिल्या दिवसापासून बसची. जिथं रॅम्प उतरतो तिथल्या नाक्यावर बसला आधी हिरवा दिवा. आणि रॅम्पच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकतील असा सलग फुटपाथ. हजारो कोटींच्या कामात हा खर्च किरकोळ आहे. रंग, दिवे, फरशा आणि तेवढी इच्छाशक्ती लागेल.

नगरसेवक, आमदार, अभियंते, सगळ्यांना माझं एक आग्रहाचं निमंत्रण आहे. फ्रीवेनं या, जरूर या. मग शिवाजीनगरच्या नाक्यावर गाडी सोडा, संध्याकाळी साडेसहाला गोवंडी स्टेशनाबाहेरच्या बसमध्ये चढा आणि त्या ताईंच्या शेजारी बसा. त्यांना वेळ विचारू नका. त्यांच्या घरचं पाणी सातला जातं, त्याच्या आत ही बस नाक्यापलीकडं जाते की नाही, तेवढं बघा.